तू एकटाच हसलास तेव्हा

प्रिय हितेश,

यातला पहिला शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. थांबून विचार केला आणि मग राहू दिला. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मी रागावले आहे. राग आला असता तर मी फोन केला असता. मला तुझा संशय आला आहे.

येत्या रविवारी तू आणि तुझे धर्माजी काका आमच्या कॉलनीतल्या घरी येणार असं ठरलं. बाबांनी प्लांटमधली त्या दिवसाची ड्यूटी बदलून घेतली आहे आणि आईने सोफ्याचे अभ्रे धुवायला काढले आहेत, म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं पक्कं झालं. त्या बैठकीत सगळ्यांसमोर मला लग्नाला हो किंवा नाही म्हणायचं आहे. महिन्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी हो म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागले असते. आज मला तसं म्हणता येत नाही. तुला हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पण मी 'मला काहीतरी विचारायचंय' म्हटलं की तू माझ्या गेज तपासायच्या कामावरून म्हणतोस, 'काय मॅडम, माझ्या कॅलिब्रेशनची मुदत संपली काय?' मी हसते आणि विषय निघून जातो. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र. आमच्या लॅबचे चिंतूभाऊ सर्व्हिसची गाडी घेऊन उद्या सातपाटीला येतायत, त्यांच्याजवळ देते.

शिवाय माझं एक मत द्यायचं राहिलं आहे. प्रत्येक सिनेमा पाहून झाला की दुसऱ्या दिवशी मी मत लिहून पाठवायचं आणि तू त्यावर वाद घालायचा, असं आपलं चालत आलं आहे. विरारच्या मॉलमध्ये आपण पाहिलेल्या कासवाच्या सिनेमाबद्दल मी अजून काही लिहिलं नाही. तू दोनदा आठवण केलीस. आता लिहिते, आणि जरा लांबलचक लिहिते.

सिनेमा वाईट नव्हता. पाच जणांची टोळी, त्यांतली एक बाई नुसता हात वर करून समुद्राच्या लाटा थांबवते, एक जण भिंतीतून आरपार जातो, बाकीच्यांच्या शक्ती मला शेवटपर्यंत नीट कळल्या नाहीत. सगळे एका उडत्या यांत्रिक कासवाच्या पाठीत बसून फिरतात. खलनायक एक जादूचा दगड मिळवून जगातलं पाणी गोठवायला निघालेला. तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालास, 'याला आमच्या बर्फाच्या कारखान्यात लावून घ्या, लाइटबिल वाचेल.' त्या सिनेमातल्या बऱ्याच विनोदांपेक्षा हा बरा होता. माझी पहिली हरकत नेहमीचीच. खलनायकाच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात दाब वाढतो, लाल दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि एकही माणूस पॅनेलकडे बघत नाही. सगळे पळत सुटतात. आमच्याकडे पळणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, 'सिनेमात कंट्रोल रूमवाला म्हणजे पहिला मरणारा माणूस, तू कशाला मनाला लावून घेतेस?'

खरी तक्रार पुढची आहे. या सिनेमांत कुणी मेलं की लगेच कुणीतरी विनोद करतं. भिंतीतून जाणारा तो मुलगा बर्फात अडकून मेला, त्याची बहीण त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली, मी हातातलं पॉपकॉर्न बाजूला ठेवलं, आणि तेवढ्यात कासव काहीतरी बोललं आणि सगळं थिएटर हसलं. लिहिणाऱ्याला जणू भीती वाटते, की यांना खरंच वाईट वाटलं तर हे पुढच्या भागाला येणार नाहीत. आणि मेलेला तरी कुठे मेलेला राहतो? पुढच्या भागात तो येतोच. मग शेवटी नावं वर सरकत असताना लोक खुर्चीतून उठत नाहीत, साफसफाईवाला दारात झाडू धरून ताटकळतो, कारण आणखी एक तुकडा दाखवायचा असतो. ज्या सिनेमाचा स्वतःच्या शेवटावर विश्वास नाही त्याच्यावर मी का ठेवावा?

त्याआधी पाहिलेल्या विनोदी सिनेमाबद्दल तुला कळवलंच होतं. म्हाताऱ्या बापाची नोकरी टिकावी म्हणून तीन मुलगे आळीपाळीने त्याच्या वेशात ऑफिसात जातात. पहिला अर्धा भाग मला आवडला. नंतर अमेरिकन विनोदी सिनेमात जे नेहमी होतं तेच झालं. धाकट्याने भर समारंभात माईक हातात घेतला, आजवर लपवलेलं सगळं कबूल केलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये कुणी असं करायला गेलं असतं तर कमिटीने आधी माईक बंद केला असता. खरं सांगणाऱ्याला टाळ्या मिळतात हे त्या सिनेमांनी पसरवलेलं सगळ्यात मोठं खोटं आहे. म्हणूनच कदाचित माणसं खरं सांगायला धजत नाहीत. टाळ्यांची वाट बघत बसतात.

आता तुझ्याकडे येते.

कासवाच्या सिनेमात सुरुवातीला पाचही जण पहिल्यांदा कासवात चढतात. कासव त्यांना म्हणतं, कृपया पट्टे बांधून घ्या. एवढंच. यात विनोद काही नाही. आणि तू हसलास. गालातल्या गालात नाही, चांगला मोठ्याने. पुढच्या रांगेतली मुलगी वळून बघायला लागली. मला वाटलं तुला दुसरं काहीतरी आठवलं असेल. मग खलनायक दातओठ खात विचारतो, दगड कुठे आहे? तू पुन्हा हसलास, आणि या वेळी तो बोलण्याच्या किंचित आधी. मी तुला विचारलं, 'आधी बघितलायस का?' तू म्हणालास, 'छे, ट्रेलरसुद्धा नाही बघितला.'

माझं काम तुला माहीत आहे. मी दिवसभर लोकांच्या कारखान्यांत जाऊन दाब दाखवणारे गेज खरं बोलतात की खोटं हे बघते. दाब यायच्या आधीच काटा हलला तर गेज बिघडलेला नसतो. कुणीतरी मागे व्हॉल्व्ह उघडून ठेवलेला असतो. मग मला त्या विनोदी सिनेमातलं तुझं वागणं आठवलं. तिथे तू उलट उशिरा हसत होतास. आधी सगळं थिएटर, मग माझ्या तोंडाकडे एक नजर, आणि मग तू. मधून मधून पॉपकॉर्न आणायला उठत होतास, फोन आला म्हणून बाहेर जात होतास. एकच काटा एका सिनेमात आधी हलतो आणि दुसऱ्या सिनेमात मागून, हे मला खटकलं. तेव्हापासून मी इतर गोष्टी जुळवायला लागले. तू नवा सिनेमा पहिल्या रविवारी कधीच बघत नाहीस. 'गर्दी असते, पुढच्या रविवारी जाऊ.' आणि गुरुवारी दुपारी तुझा फोन बंद असतो. विचारलं तर म्हणतोस, कॉम्प्रेसरच्या खोलीत रेंज नसते. तुमच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत मी काम केलेलं आहे, हितेश. तिथे उत्तम रेंज असते.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण लॅबमधल्या दीपाने आपण होऊन विषय काढला. ती म्हणाली, 'तुझ्या सातपाटीकराला बोईसरच्या थिएटरात बघितला, दुपारच्या शोला. बरोबर बाई होती. पाठमोरी दिसली. डोक्यात अबोलीचा एवढा मोठा वळेसर.' मी म्हटलं, असेल कुणी नातेवाईक. दीपा म्हणाली, 'नातेवाइकांना घेऊन माणूस दुपारच्या शोला जातो होय? तू मशीनचं बघ बाई, माणसांचं मला सांग.' त्या दिवशी मी एका पंपाच्या गेजचं रीडिंग चुकीचं लिहिलं आणि ते मला दुसऱ्याने दाखवून दिलं. नोकरीला लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

गेल्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बोईसरला कासवाचा सिनेमा हिंदीत बघायला गेले. तुला पकडायला गेले नव्हते. तू तो आता पुन्हा बघशील असं मला वाटलंही नव्हतं. मला फक्त त्या दोन जागा तपासायच्या होत्या. माझ्या डोक्यात एक शंका होती आणि तिचं उत्तर पडद्यावरच मिळणार होतं.

तिथे मी पूर्वी गेले नव्हते. पहिल्या पाळीचे कामगार कंपनीच्याच शर्टात येऊन बसले होते. निम्मे लोक पडद्याशी बोलत होते. पाचही जण कासवात चढले. मी पुढे वाकले. कासव म्हणालं, 'अरे भइया, थोड़ा अंदर सरको, अभी छठी सवारी बैठेगी।' सगळं थिएटर फुटलं. बोईसर स्टेशनच्या बाहेर शेअर रिक्षात एक मांडी टेकवून रोज बसणारी माणसं ती. पट्टे-बिट्टे कुठेच नाहीत. मग खलनायक आला, दातओठ खाल्ले आणि म्हणाला, 'पत्थर किधर है? रोड बनाने में लगा दिया क्या?' पुन्हा शिट्ट्या. मला माझं उत्तर मिळालं होतं आणि मी उठणार होते. पण त्या दोन्ही वेळी पुढून, अगदी योग्य जागी, एक हसणं ऐकू आलं होतं. ते मला पाठ आहे. दोन रांगा पुढे तू बसला होतास आणि तुझ्या शेजारी अबोलीचा वळेसर.

मी एक रांग पुढे सरकले, तुमच्या बरोबर मागे. हे मला शोभलं नाही. पण मी ते केलं आणि तुला सांगते आहे.

त्या तुझ्या आई आहेत हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्या कुजबुजत नाहीत. 'आज गुरवार, बाजारात कुत्रं पन फिरकत नाय,' त्या म्हणाल्या, 'त्या इंग्रजांना सांग, दर गुरवारी एक पिच्चर काडा.' तेवढ्याने तुझे सगळे बंद फोन मला कळले. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला बोईसरची निम्मी घरं मासे खात नाहीत, हे मला आमच्या घरावरूनच ठाऊक आहे. बाबांचा गुरुवार कडक असतो. पण त्या दिवशी मासे विकणारी बाई काय करते, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. ती पहाटे लिलावाला जात नाही, टोपली भरत नाही, डोक्यात फुलं माळते आणि मुलाबरोबर सिनेमाला जाते.

मागच्या खेपेला त्यांना मधेच झोप लागली होती म्हणून तू त्यांना परत आणलं होतंस, हेही त्यांच्याच बोलण्यातून कळलं. भिंतीतून जाणारा मुलगा पडला. त्या म्हणाल्या, 'मेला ना रं हा?' तू म्हणालास, 'मेला नाय आये, पुढच्या भागात येल परत.' 'मंग ही सगली रडतात कशाला?' 'पगार भेटतो त्यांना.' मागे बसून मी तोंडावर रुमाल धरला. माझं ते लांबलचक मत त्यांनी एका वाक्यात संपवलं होतं. लाटा थांबवणाऱ्या बाईवर तर त्या खऱ्याच चिडल्या. 'दर्याला हात दाकवते. भरती हाय ती, हिच्या बापाची चाकर नाय.' तू म्हणालास, 'आये, हळू, ती ऐकंल.' आणि पुढच्या रांगेतला एक कामगार वळून म्हणाला, 'बोलने दो भाई, माताजी सही बोल रही है।'

हितेश, तुला तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी तू 'आहे' आणि 'नाही' असं घासूनपुसून लखलखीत बोलतोस. तिथे तू 'हाय' आणि 'नाय' म्हणत होतास आणि तुझा प्रत्येक विनोद वेळेवर येत होता, कुणाच्या तोंडाकडे न बघता. मला तो माणूस माहीत नव्हता. तो मला जास्त आवडला. हे वाक्य मी जपून लिहिते आहे.

इंग्रजीचं मला कळलं. तुमच्या कारखान्यात अमोनियाचा सेन्सर तपासायला मी आले होते तेव्हाच ते सुरू झालं. तिथल्या भिंतीवरचं पोस्टर बघून मी म्हणाले होते, डबिंगचा सिनेमा म्हणजे काटा वाकवून बरोबर आकड्यावर आणलेला गेज. तू लगेच म्हणालास, 'मी पण इंग्रजीतच बघतो, डबिंगमध्ये मजा जाते.' त्यानंतर तुला ते निभवावं लागलं. गुरुवारी हिंदीत बघून गोष्ट समजून घ्यायची आणि रविवारी माझ्याशेजारी बसून इंग्रजीत हसायचं. फक्त हिंदीवाल्यांनी आपले विनोद वेगळ्या जागी घातले आहेत, हे तुला कळायला मार्ग नव्हता. आणि विनोदी सिनेमा हिंदीत आलाच नाही, तेव्हा तू पॉपकॉर्न आणत राहिलास. हे खोटंच आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण ते मी मोजून पाहिलं आहे. त्यासाठी मी नाही म्हणणार नाही. आणि बोईसरला बसून मला हेही मान्य करावं लागलं, की त्या सिनेमाला हिंदी बरी लागली.

इथे पत्र संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मध्यंतरानंतर तुझ्या आईंनी माझा विषय काढला. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उघडत त्या म्हणाल्या, 'ती तुझी गेजवाली हसते का कदी?' तू म्हणालास, 'हसते. पन आदी तपासते, हसण्यासारका हाय का ते.' मला वाटलं होतं त्या तोंड वाकडं करतील. त्या म्हणाल्या, 'बरोबर हाय तिचा. मासा पन कल्ले उगडून बगितल्याबिगर घेऊ नये.' मग त्यांनी विचारलं, 'मना कदी दाकवशील तिला?' तू म्हणालास, 'दाकवीन.' 'रविवारी धर्माजीला नेतोस. मना नाय नेत. टोपलीवाली आय नको वाटते काय तुला तितं?'

हे त्यांनी रागाने विचारलं नाही, रडवेल्या आवाजातही नाही. बाजारात समोरच्याला भाव विचारावा तसं विचारलं. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. आणि त्याच क्षणी पडद्यावर खलनायकाचा बर्फाचा राजवाडा कोसळायला लागला. त्या सिनेमातला सगळ्यात मोठा आवाज तो. विरारला मी त्याचं कौतुक केलं होतं. मनोरे पडत होते, खुर्च्या थरथरत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि तू तुझ्या आईकडे वळून काहीतरी बोलत होतास. मला तुझा एक कान आणि हलणारा जबडा दिसत होता. बोलणं थोडकं नव्हतं. राजवाडा पडून संपला तेव्हा तुझं बोलूनही संपलं होतं. तुझ्या आई पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी डब्यातली एक वडी काढून तुझ्या हातावर ठेवली. आता यावरून काय ओळखायचं? तू चांगलं बोललास तरी त्यांनी वडी दिली असती, आणि लागेल असं बोलला असतास तरी दिली असती.

मी शेवटच्या तुकड्यासाठी थांबले नाही. लोक बसलेले असतानाच बाहेर पडले.

तेव्हापासून मी ते उत्तर जुळवते आहे. तू मला आधी सांगितलं होतंस, 'रविवारी आईला जमणार नाही, तिचा बाजार असतो.' तपासलं तर ते खरंच आहे. रविवारी सकाळी बोईसरच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी टोपली सोडून या असं कुणी कुणाला म्हणणार नाही. पण रविवार ठरवला कुणी? बाबांनी तुला कुठलाही दिवस चालेल असं सांगितलं होतं. तूच म्हणालास, रविवार. आईला येता येणार नाही असा नेमका एकच दिवस तू निवडलास. चुकून निवडला असशील. कारखान्यात तुला सुट्टी रविवारीच असते. किंवा आमच्या घरातल्या हॉलमध्ये, शोकेसमधल्या बाहुल्यांसमोर, तुझ्या आई मोठ्याने काय बोलतील याची तुला धास्ती वाटली असेल. किंवा त्या बोलताना मी कशी बघेन याची. यातलं कुठलं खरं, ते मला सांगता येत नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीचा अंदाज मी लिहीत नाही.

इंग्रजी येत नाही याची लाज वाटणारा माणूस मी समजू शकते. तो एक दिवस हसून सांगून टाकतो आणि मोकळा होतो. आईची लाज वाटणाऱ्या माणसाच्या घरात मी राहू शकणार नाही. कारण मग आज कुणाला समोर बसवायचं आणि कुणाला आतल्या खोलीत ठेवायचं, हे तोच ठरवत राहतो. कधीतरी आत माझा नंबर लागतो. गेज दुरुस्त करणारी बायको कुठल्या तरी पाहुण्यासमोर त्याला नको वाटते.

म्हणून काल मी घरी सांगितलं, की रविवारची बैठक रद्द, त्यानंतरच्या गुरुवारी ठेवा, कारण मुलाच्या आईला रविवारी बाजार असतो आणि गुरुवारी नसतो. आई म्हणाली, 'अगं मग हे आधी नाही का सांगायचं? मुलाच्या आईशिवाय बैठक कसली?' बाबा म्हणाले, 'गुरुवारी मला उपास. पाहुण्यांना काय साबुदाणा वाढायचा?' आई म्हणाली, 'वाढू. खिचडी खाऊन कुणी मोडलेलं लग्न ऐकलंय का तुम्ही?' बाबांनी ड्यूटी पुन्हा बदलून घेतली आहे. हे पत्र दिवस बदलल्याचं कळवण्यासाठी लिहिलं आहे. तुझ्या रजेचं तू बघ. तू आईंना घेऊन आलास तर मी सगळ्यांसमोर हो म्हणेन. नुसत्या काकांबरोबर आलास तर खिचडी मिळेल, बाबा प्लांटच्या गोष्टी सांगतील आणि मी नाही म्हणेन. नकाराचं कारण मला कुणी विचारणार नाही आणि तुला ते विचारावं लागणार नाही. राजवाडा पडत असताना तू त्यांना काय म्हणालास, ते मला लिहून कळवू नकोस. फोनही करू नकोस. तू काहीतरी विनोद करशील आणि मी हसेन.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
वैभवी